मोटर स्लोवर धरेना

आमच्या मोटरीला पळायचं दुखणं नव्हतं, उभं राहायचं होतं. सेलूच्या बाहेर वर्ध्याच्या सडकेला लागली की अशी निघायची, की बैलगाडीवाले कासरे आवळत बाजूला व्हायचे आणि वेचणीला लागलेल्या बाया ओटीतला कापूस सावरत बघत राहायच्या. पण कुणाच्या दारात थांबली आणि बाबांनी ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला, की झालं! आधी तिचं अंग थरथरायचं, मग समोरच्या दिव्यांच्या काचा खुळखुळायच्या, मग गुडगुड, फट्, पुन्हा गुडगुड, आणि शेवटी एक उचकी देऊन बाईसाहेब गप्प. मिस्त्री लोक याला म्हणतात, मोटर स्लोवर धरत नाही. त्या एका हिवाळ्यात मी तिच्या या स्लोच्या मागे जशी हात धुऊन लागले, तशी जन्मात पुन्हा कशाच्याच मागे लागले नाही. नवऱ्याच्या मागेसुद्धा नाही, आणि हे आज तो असता तर त्यानं हसत कबूल केलं असतं.

आता नागपुरात नातवाच्या गाडीत बसते. ती सिग्नलला आपोआप बंद पडते. पहिल्यांदा पडली तेव्हा माझा हात आपसूक दाराकडे गेला, उतरून हँडल मारावं म्हणून. नातू म्हणाला, "आजी, ती मुद्दाम बंद होते. पेट्रोल वाचतं." बाप्पा! ज्या दुखण्यापायी आम्ही घर डोक्यावर घेतलं होतं, तेच आता सोय झालं, आणि तिचे वरून पैसे घेतात म्हणे.

आमचे बाबा सेलूला डॉक्टर होते. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, मागे आम्ही. पुढून स्पिरिटचा आणि लाल मिक्श्चरचा वास, मागून चुलीवर भाजत्या वांग्याचा. सडकेपलीकडे कापसातून सरकी काढायचं जिन होतं. दिवाळी झाली की त्याचा धडधडाट सुरू व्हायचा तो उन्हाळ्यापर्यंत. आम्ही सगळे त्यामुळे मोठ्यानं बोलायला शिकलो, आणि माझं नाव शांता असून मी तशी कधीच नव्हते, त्याचं खापर मी आजही त्या जिनावर फोडते. कापसाच्या गाड्यांची रांग आमच्या अंगणापर्यंत यायची. गाडीवान आईकडे पाणी मागायचे आणि जाताना तुरीच्या शेंगांचा भारा टाकून जायचे. त्या शेंगा मीठ घालून उकडायच्या, पातेलं मधे ठेवायचं आणि बोटं पोळत सोलायच्या. थंडीतल्या संध्याकाळी जेवण तेवढंच असलं तरी कुणाची तक्रार नसे. बेसनाचे गोळे घालून गोळाभात केला तर मात्र बाबा पेशंट सोडून उठत. कढत भातावर हिंगमोहरीचं तेल पडल्याचा चर्र आवाज त्यांना दवाखान्यात कसा ऐकू जायचा, ते देव जाणे.

आणि या सगळ्या आवाजांच्या तळाशी आईच्या चरख्याची गुणगुण. पवनार, सेवाग्राम हाकेच्या अंतरावर. आमच्या भागात सूत कातणं हे पूजेसारखंच होतं, पण आईचं प्रकरण त्याच्याही पुढचं. तिचं सूत सारखं, बारीक, कुठे गाठ नाही. सूतकताईच्या मेळाव्यात डॉक्टरीणबाईच्या सुताची गुंडी हातोहात फिरायची, आणि आई मान खाली घालून बसायची, हसू दिसू नये म्हणून. तिच्या सुताचं कापड विणून यायचं आणि घरात गिरणीच्या कापडाला थारा नव्हता. बाबांचे सदरे खादीचे, उशा खादीच्या, जखमेच्या पट्ट्या खादीच्या, चहाचं गाळणं खादीचं. माझ्या लहानपणच्या एका रेशमी परकराखेरीज माझ्या पेटीतही सगळी खादीच.

मोटर बाबांनी एका जमीनदार मालगुजाराकडून घेतली होती. लढाईच्या आधीची, काळी, वर ताडपत्रीचा टप. ती सुरू करायला पुढून हँडल मारावं लागे. एकदा त्या हँडलनं उलटा झटका दिला आणि बाबांचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण जोर गेला. तेव्हापासून हँडल माझ्याकडे आलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याभोवती गुंडाळायचा नाही, म्हणजे झटका बसला तरी हात सुटतो. खालून वर एकच ओढ. इंजन पकडलं की ती धडधड हातातून खांद्यात आणि खांद्यातून पोटात जायची. मॅट्रिक होऊन घरी बसलेल्या मुलीला दुसरं काय हवं? बाबा व्हिजिटला निघाले की मी मोटरीत. टाकळी, केळझर, नदीकाठची गावं, कुठे ताप, कुठे बाळंतपण. पेशंटच्या ओट्यावर मला गूळपाणी मिळायचं आणि पोरं मोटरीभोवती जमली की मी त्यांच्यावर डाफरायची. मोठा थाट होता माझा!

आईला हा थाट बघवत नव्हता.

"शांते, हात पाह्य तुहे! काळे ठिक्कर. हे हात पाहून कोणता पोट्टा हो म्हणन?"

"पोट्ट्यानं हात कायले पाहावं? तोंड पाहावं ना."

"तोंडाले बी ग्रीस आहे. तुही आत्या अमरावतीहून सांगून सांगून थकली, पोरीले इकडं धाडा, दोन-तीन चांगली ठिकाणं आहेत म्हणते. अन् ही इथी मोटरीच्या पुढं वाकून राह्यली."

बाबा आतून ओरडायचे, "अवं, तिनं हँडल नाई मारलं तं मी दवाखाना रेंगीवर चालवू का?" रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी. आईचं उत्तर ठरलेलं, "विकून टाका थे धूड. मंग पोरगी मोकळी होईन." म्हणजे हिशेब सरळ होता. मोटर आहे तोवर मी सेलूत, बाबांच्या शेजारी. मोटर गेली की मी अमरावतीला, आत्याच्या बैठकीत, पोह्यांची बशी घेऊन. आत्याचं घर वाईट नव्हतं. पण मला तेव्हा त्या मोटरीपलीकडे काही दिसत नव्हतं, आणि आज विचाराल तर आजही मी तेच सांगेन.

तर अशात मोटर उभ्याउभ्या मरायला लागली. आधीच बाबांना हँडल मारता येत नव्हतं म्हणून ते पेशंटच्या दारात इंजन चालूच ठेवायचे. आता तेही जमेना. मी जिनातल्या पैकूजी मिस्त्रींना गाठलं. जिनाचं मोठं इंजन त्यांच्या ताब्यात होतं. माणूस लांबलचक, हाडकुळा, आणि त्याचा आवाज जिनाच्याही वर चढणारा.

"पोरी, डोळे नोको देऊ, कान दे," ते बॉनेट उघडून म्हणाले. "इंजन म्हंजे चार भावाची शेती. चौघं राबून राह्यले तं काम एकसारखं. एक जण बांधावर बिडी पित बसला, की असं लंगडते. आता थो आळशी कोन थे हुडकाचं. एकेकाले कामावरून बसवून पाह्य. ज्याले बसवल्यानं काहीच फरक पडला नाई, थोच आळशी."

त्यांनी लाकडी मुठीचा पेचकस माझ्या हातात दिला. चालत्या इंजनावर पेचकसाची दांडी एका प्लगच्या डोक्याला आणि खाली लोखंडाला टेकवायची, की त्या प्लगची ठिणगी भलतीकडेच जाते आणि तो भाऊ बसतो. पहिल्यांदा टेकवलं तेव्हा माझा जीव मुठीत होता. निळी ठिणगी चट्कन उडाली आणि इंजन आणखी लंगडलं. म्हणजे हा राबत होता. दुसरा, तोही राबत होता. तिसरा, चौथा, चौघंही! मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तेच. पैकूजींनी पटका मागे सारून डोकं खाजवलं.

"मंग रिंगा गेल्या. इंजन खोलाव लागन."

"पण पैकूजी, रिंगा गेल्या असत्या तर पळताना कशी पळते? केळझरचा चढ काल वरच्या गिअरमध्ये चढली. धूर नाही, काही नाही."

"हेही खरं आहे बाप्पा," ते म्हणाले आणि मोकळेपणानं हसले. हा त्यांचा गुण मला फार आवडायचा. चुकले तर तोंड पाडून बसत नसत.

मग एका थंड सकाळी माझ्याकडून चोक अर्धा बाहेरच राहिला. चोक ओढला म्हणजे इंजनात हवा कमी जाते, पेट्रोल जास्त. आणि बघते तर काय, मोटर उभी आहे आणि गुरगुरते आहे, शहाण्यासारखी! चोक आत ढकलला, लागली लंगडायला. बाहेर ओढला, शहाणी. आत, लंगडी. मी पाचसहा वेळा केलं आणि तशीच चपला न घालता जिनाकडे पळाले.

"पैकूजी! तिला भूक लागते! उभी असली की तिला पेट्रोल पुरत नाही!"

पैकूजींनी हातातलं तेलाचं भांडंच खाली ठेवलं. "अस्सं! मंग पेट्रोलची वाट पाह्य. कार्ब्रेटरात पळाची वाट येगळी अन् उभ्याची येगळी. उभ्याच्या वाटंवर एक जेट असते. सुईच्या नाकाएवढं भोक. थे तुंबलं असन."

आम्ही तो जेट काढला. पितळेचा, करंगळीच्या पेराएवढासुद्धा नाही. उजेडाकडे धरला तर भोकातून उजेडच येईना. पैकूजींनी तोंडानं फुंकला, गाल फुगवून, डोळे वटारून, आणि काहीतरी पांढरं चिमूटभर बाहेर उडालं. जेट लावला, मी हँडल मारलं, पहिल्याच ओढीला पकडलं. चोक आत. आणि ती चालत राहिली. दिव्यांच्या काचा गप्प. टप गप्प. नुसता एक मऊ, भरीव, सारखा ठेका. बाबा पेशंट तपासता तपासता तसेच बाहेर आले आणि कानात होती ती स्टेथोस्कोपची नळी त्यांनी बॉनेटवर टेकवली. "नॉर्मल!" असं ओरडले. त्यांच्यामागून आलेल्या पेशंटनंही टाळ्या वाजवल्या. मी अंगणात गिरक्या घेतल्या. आई दारातून म्हणाली, "आता आंघोळ तं कर."

चार दिवस गेले आणि पुन्हा फट्, गुडगुड, उचकी.

पुन्हा जेट काढला, पुन्हा पांढरं. आता सेलूत काही पांढरं दिसलं की ते जिनाचंच, यात कुणाला शंका येत नसे. हवेत रुई उडायची, ती भाकरीवर बसायची, केसात बसायची, दह्याच्या सायीवर बसायची. तेव्हा मोटरीतही तीच बसणार. पैकूजी म्हणाले, मी म्हणाले, बाबा म्हणाले. मोटर हलवून गावाच्या दुसऱ्या टोकाला मारुतीच्या पाराशी उभी केली आणि वर जुनी वाकळ टाकली. मारुतीला येणारे लोक तिलाही नमस्कार करू लागले. काही दिवस बरी चालली, आणि नेमकी नको तिथे मेली.

केळझरची एक बाई बाळंतपणात अडली होती, तिला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. बाबा चालवत होते, मी त्यांच्याशेजारी, मागे ती बाई आणि तिची सासू. पवनारजवळ धाम नदीच्या रपट्यावर, म्हणजे बुटक्या फरशीपुलावर, कापसाच्या गाड्या अडकल्या होत्या. थांबावं लागलं. थांबलो आणि मोटर मेली. मी हँडल मारतेय, धरते आणि सोडते, धरते आणि सोडते. मागे ती बाई ओठ चावून कण्हतेय, सासू माझ्याकडे बघून हात जोडतेय, आणि बाबांच्या कपाळावर हिवाळ्यात घाम. गाडीवानांनी बैल सोडून धक्का मारला तेव्हा कुठे ती पकडली आणि बाबांनी पुढे एकदाही पाय उचलला नाही. बाळ, बाळंतीण दोघंही सुखरूप राहिली. पण परतताना सेलू आलं तेव्हा बाबा म्हणाले, "शांते, हिच्या भरवशावर पेशंट नाई नेता येत आता. पुरे झालं."

त्यांचं खरं होतं.

नागपूरचा एक लाकडाचा ठेकेदार कधीचा मागे लागला होता. त्याला मोटर नको होती, इंजन हवं होतं, लाकडं कापायच्या आऱ्याला जोडायला. "बाकी सांगाडा इथंच ठेवा डॉक्टरसाहेब, कोंबड्या झाकायले होईन," असं तो म्हणाला होता. बाबांनी त्याला बाजाराच्या दिवशी यायला सांगितलं. त्याच दिवसापासून आई अमरावतीसाठी माझी पेटी काढून दोन पातळं रोज उन्हात टाकू लागली. ती खूश होती असं नाही म्हणणार, पण तिचा जीव भांड्यात पडला होता, हे दिसत होतं.

बाजाराच्या आदल्या दुपारी बाबा रेंगीत बसून लांबच्या एका गावाला गेले, दुसऱ्या दिवशी सकाळीच येणार होते. मी मोटर घरी आणून अंगणात उभी केली होती. निदान ठेकेदारासमोर तिनं लंगडू नये, इज्जतीनं जावं, म्हणून शेवटचं एकदा जेट काढायला बसले. रडू येत होतं आणि रागही. या वेळी फुंकला नाही. टाचणीनं ते पांढरं हळूच बाहेर ओढलं आणि पेशंटच्या जखमा धुवायच्या बाबांच्या ट्रेमध्ये ठेवलं. का कोण जाणे, दवाखान्यातलं भिंग आणून त्यावर धरलं.

आणि मी ओरडलेच.

त्या तंतूंना पीळ होता!

जिनाची रुई म्हणजे नुसता पिंजारा. तिला पीळ नसतो, पीळ येतो तो चरख्यावर. हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. माझं सगळं बालपण चरख्याच्या चातीच्या टोकाशी कापसाचं सूत होताना बघण्यात गेलं होतं. मी पळत जाऊन कुंपणावर अडकलेली रुई आणली, भिंगाखाली शेजारी ठेवली. ही मोकळी, ती पिळाची. म्हणजे मोटरीच्या पोटात जात होतं ते कुणीतरी कातलेलं होतं. पेट्रोलमध्ये कातलेलं सूत कुठून येईल?

मान वर केली तर समोर दोरीवर वाळत होतं. पेट्रोलचं गाळणं.

वर्ध्याहून पेट्रोल टिनात यायचं आणि टिनाला गंज. पैकूजींनीच आधी कधी बजावलं होतं, गाळून ओतत जा, त्यासाठी मऊ चामडं मिळते थे घ्या. आई म्हणाली होती, "चामडं? माह्या घरात?" आणि तिनं आपल्या सुताच्या कापडाचा चौकोनी तुकडा काढून दिला होता. गाळायचं कामही तिनं स्वतःकडेच ठेवलं, कारण मी सांडते. प्रत्येक वेळी गाळून झालं की ती तो तुकडा साबणानं चोळायची, दगडावर आपटायची, वाळवायची. जितका आपटावा तितकी त्याची लव सुटत होती, आणि नळीतून, टाकीतून, सगळ्या मोठ्या वाटांनी सुखरूप जाऊन त्या सुईच्या नाकाएवढ्या भोकाशी अडत होती. पळताना काही नाही, उभं राहिलं की उपास! मी बाबांची काळी छत्री उघडली आणि तो तुकडा तिच्यावर चोळला. छत्री पांढरी झाली. मी एकटीच अंगणात नाचत होते, आणि नाचता नाचता लक्षात आलं, की हे आता आईला सांगायचं आहे.

माझ्या सुनांना हसू येतं, सासूबाई बोलताना 'मी येतो, मी जातो' म्हणतात म्हणून. आमच्याकडे बायका असंच बोलतात. मी लिहिताना तेवढं सावरून घेते, पण आईचं बोलणं मला सावरता येत नाही. ते तिचं तसंच राहू दे.

आई चरख्यावर होती. मी छत्री तिच्यासमोर धरली, ट्रे धरला, भिंग दिलं. एका दमात सगळं सांगितलं. तिनं चाक थांबवलं, भिंगातून पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं.

"म्हंजे माह्यं सूत वाईट."

"सूत नाही गं आई, सुताची लव. कोणाच्याही सुताची जाईल."

"पर गेली तं माहीच ना." तिनं भिंग खाली ठेवलं. "साऱ्या जगानं नावाजलं, अन् पोटची पोरगी म्हनून राह्यली, तुह्या सुतानं मोटर मारली. थे अडलेली बाई रस्त्यात मेली असती, तं माह्या सुतानं मेली असती."

"आई, असं नको ना बोलू."

"मंग कसं बोलू?"

मी उठले. पेटी उघडली, माझा रेशमी परकर काढला आणि कात्रीनं त्याचा चौकोन कापला. रेशमाला लव नसते. टाकी रिकामी केली, नळी फुंकली, सगळं पेट्रोल रेशमातून गाळून पुन्हा भरलं. आई दारात उभी राहून बघत होती. परकर कापला म्हणून एरवी तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुह्या बापाले काय सांगशीन?"

"काहीच नाही सांगत."

"हव. तशीबी मोटर तं उद्या जाऊनच राह्यली." आणि आत गेली. त्या दिवशी चरख्याचा आवाज पुन्हा आला नाही. संध्याकाळी तिनं मला वांग्याचं भरीत वाढलं, त्यावर कच्चं तेल घातलं, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता जेवलो.

सकाळी ठेकेदार बाबांच्या आधीच हजर. मी मोटर सुरू करून ठेवली होती. एवढ्यात बाबांची रेंगी आली. बाबा धुळीनं माखलेले, न झोपलेले, उतरले ते सरळ ओट्यावर बसले. बाजाराला जाणारी माणसं कुंपणाशी थबकली.

ठेकेदारानं मोटरीभोवती एक फेरी मारली. "चालू करून दाखवा ना डॉक्टरसाहेब."

"चालूच आहे," मी म्हटलं.

त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि चमकला. मग खाली वाकून कान लावला. त्याचा चेहरा एकदम खुलला. मी हा विचारच केला नव्हता! लंगडणारं इंजन तो नाक मुरडून नेणार होता. हे सुरात चालणारं इंजन तर तो डोक्यावर घेऊन नेणार. "वा! असं इंजन तं नवं बी भेटत नाई. आजच खोलून नेतो. मानसं घेऊनच आलो मी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा साफ केलं काय?"

"हो. पण बाबा, आता पुन्हा नाही बिघडणार. खरंच नाही."

"मागच्या खेपीले बी हेच म्हनलं होतं तू. त्याच्या मागच्या खेपीले बी." ते रागावले नव्हते, थकले होते. "आता काऊन नाई बिघडणार, थे सांग. कारण असलं तं मी ऐकतो."

कारण माझ्या जिभेवर होतं. पण ओट्यावर आई उभी होती, कुंपणाशी अर्धं सेलू उभं होतं, त्यातल्या कितीतरी बायकांनी तिच्याकडे बघून चरखा धरला होता. मी जन्मात पहिल्यांदा गप्प बसले. ठेकेदारानं आपल्या माणसांना हात केला. नट खोलायचे पाने घेऊन दोघं पुढे आले, एकानं बॉनेटची कडी उघडली.

"थांबा जरा," आई म्हणाली.

ती पायऱ्या उतरून खाली आली. डोईवरचा पदर नीट केला. "मोटरीत खोट नाई. मी पेट्रोल गाळत होतो, माह्या सुताच्या कापडातून. त्याची लव आत जाऊन बसत होती. दर खेपीले धुवून आपटून पुन्हा त्यातूनच गाळत होतो, म्हणून दर खेपीले बिघडत होती. पोरीनं काल हुडकून काढलं. आता रेशमाचं गाळणं आहे. आता नाई बिघडत."

इंजन सारख्या ठेक्यात चालूच होतं. मग ठेकेदार हसला. "म्हंजे बाई, मोटर कायले विकता? चरखा विका!"

कुंपणाशी दोघंचौघं हसले. आईचे कान लाल झालेले मला दिसले. पण ती त्याच्याकडे सरळ बघून म्हणाली, "माह्यं सूत आंग झाकाले आहे भाऊ, पेट्रोल गाळाले नाई. चूक म्या केली, सुतानं नाई केली."

बाबा उठले. त्यांनी आईकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना तिच्याकडे बघताना कधी पाहिलं नव्हतं. मग बॉनेट आपल्या हातानं खाली ओढून कडी लावली. "ठेकेदार, आले तसे च्या घेऊन जा. इंजन नाई भेटत."

मी रडत होते की हसत होते, मला आठवत नाही. बहुतेक दोन्ही. पैकूजी जिनाच्या दारातून हात वर करकरून काहीतरी ओरडत होते, ते काही ऐकू आलं नाही. ठेकेदार चहा पिऊन गेला, तेही जरा नाराजीनंच. बाबा आत जाऊन आडवे झाले.

आई मागच्या अंगणात गेली. उन्हात टाकलेली माझी दोन्ही पातळं तिनं दोरीवरून काढली, घड्या घातल्या, आणि त्या अमरावतीच्या पेटीत न ठेवता रोजच्या खुंटीवर टाकल्या. मी दारात उभी होते, कोपरापर्यंत काळी. तिनं एकदा माझ्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं, आता सुरू होणार.

"तुह्या आत्याले कळवून देतो मी," ती म्हणाली, "शांता एवढ्यात येत नाई. कामात आहे."